फायरप्लेसमधून आलेले इंजिन : विचित्र आणि अतिवास्तव चित्रांचा अर्थ कसा लावावा

घड्याळे ओल्या कापडासारखी लोंबत आहेत, चुंबन घेणाऱ्या दोघांच्या तोंडावर फडकी गुंडाळलेली आहेत किंवा पक्ष्याच्या डोक्याचा कोणी प्राणी माणसांना गिळत बसला आहे, असे चित्र समोर आले की पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो "याचा अर्थ काय?" हा. उत्तर लगेच सापडत नाही, आणि मग दोनच वाटा उरल्यासारख्या वाटतात : चित्रकाराने मनाला येईल ते रंगवले आहे असे म्हणून पुढे जायचे, नाहीतर शेजारच्या पाटीवर जे लिहिले असेल ते मुकाट्याने मान्य करायचे. दोन्ही वाटांनी चित्र पाहायचे मात्र राहून जाते. विचित्र चित्रापुढे पहिला प्रश्नच बदलायला हवा, असे मला अनेक वर्षांच्या पाहण्यानंतर ठामपणे वाटते. अर्थ विचारण्याआधी हे चित्र नेमके कशामुळे विचित्र झाले आहे ते शोधावे आणि साध्या मराठी वाक्यात लिहून काढावे. ते एक वाक्य हाती आले की पुढचे बरेचसे काम आपोआप मार्गी लागते.

ही पद्धत नुसती सांगून कळणार नाही, म्हणून एकच चित्र शेवटपर्यंत बरोबर ठेवू. रने मॅग्रीट या बेल्जियन चित्रकाराने 1938 मध्ये रंगवलेले हे तैलचित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. उंची जवळजवळ दीड मीटर, रुंदी सुमारे एक मीटर. इंग्रजीत ते 'टाइम ट्रान्सफिक्स्ड' या नावाने ओळखले जाते. शक्य असेल तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मोठे करून उघडावे आणि मग पुढे वाचावे.

पहिली पायरी : अर्थ न लावता वर्णन

कागद-पेन्सिल घ्यावी आणि दहा मिनिटे फक्त जे दिसते ते लिहावे. एक पथ्य कटाक्षाने पाळावे : 'जणू', 'सारखे', 'प्रतीक' आणि 'दर्शवते' हे शब्द या कागदावर येऊ द्यायचे नाहीत. सुरुवातीला हे फार अवघड जाते, कारण आपली नजर वस्तूवर टेकण्याआधीच मन तिच्यावरून उडी मारून कल्पनेकडे धावते. पण पथ्य पाळले तर दोन-तीन मिनिटांनंतर नजर शांत होते आणि आधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात.

मॅग्रीटच्या चित्राचे माझे वर्णन असे आहे. एक खोली, लाकडी जमीन. भिंतीत फायरप्लेस, म्हणजे ऊब घेण्यासाठी आग पेटवायची पोकळी; तिच्यात आग नाही. वरच्या फळीवर मधोमध एक घड्याळ, त्यात पाऊण वाजायला दोन मिनिटे कमी आहेत. घड्याळाच्या दोन बाजूंना दोन शमादाने, दोन्हींत मेणबत्ती नाही. त्यांच्या मागे मोठा आरसा. फायरप्लेसच्या पोकळीतून आगगाडीचे एक इंजिन बाहेर आले आहे; ते पोकळीत मावेल एवढेच आहे, त्याच्या खाली रूळ नाहीत, ते हवेत आहे आणि त्याची सावली पडली आहे. इंजिनातून धूर निघतो आहे आणि तो खोलीत न पसरता धुराड्यात वर जातो आहे.

इथपर्यंत बहुतेकांना पहिल्या पाहण्यात दिसते. आता आरशाकडे पुन्हा पाहावे. आरशात घड्याळाचे प्रतिबिंब आहे, एका शमादानाचे आहे, दुसऱ्या शमादानाचे मात्र नाही. उरलेला आरसा रिकामा आहे; ज्या खोलीत आपण पाहणारे उभे असायला हवे त्या खोलीतले काहीच त्यात दिसत नाही. मी स्वतः हे चित्र छापील रूपात कितीतरी वेळा पाहिले होते, पण प्रतिबिंबांची मोजदाद केली ती हे वर्णन लिहायला बसलो तेव्हाच.

दुसरी पायरी : मोडलेला नियम शोधणे

वर्णन पूर्ण झाले की त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे थांबून विचारावे, की हे रोजच्या जगात असू शकते का. खोली असू शकते, घड्याळ असू शकते, मेणबत्तीविना शमादान असू शकते. इंजिनही असू शकते, आणि ते इंजिन म्हणून अगदी बिनचूक रंगवलेले आहे. म्हणजे वस्तूंमध्ये काहीच चूक नाही. चूक आहे ती जागेत आणि आकारमानात. विचित्र चित्रांमध्ये मोडले जाणारे नियम मोजकेच असतात, हे सवयीने लक्षात येते. कधी वस्तू आपल्या जागेवरून उचलून परक्या जागी ठेवलेली असते. कधी लहानाचे मोठे किंवा मोठ्याचे लहान झालेले असते. कधी पदार्थाचा गुण बदलतो : साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराच्या 1931 मधील चित्रात कठीण धातूची घड्याळे मऊ पडली आहेत. कधी वेळा एकमेकींत मिसळतात, जसे मॅग्रीटच्याच एका चित्रमालिकेत खाली दिवे लागलेली रात्रीची गल्ली आहे आणि वर भर दुपारचे आकाश. आणि कधी भूमिका उलट्या होतात : ससा शिकार झालेल्या माणसाला काठीला टांगून नेतो.

नियम सापडला की लगेच उलट दिशेने विचारायचे, आणि ही या सगळ्या पद्धतीतली सर्वांत फलदायी जागा आहे : या परक्या जागी एरवी काय असते? मॅग्रीटच्या काळातल्या युरोपीय घरांत कोळशाची शेगडी ठेवून तिची धूर वाहून नेणारी नळी फायरप्लेसच्या पोकळीत सोडलेली असे. इंजिन बरोबर त्या नळीच्या जागी आले आहे. आता सांगाडा दिसू लागतो. शेगडी कोळसा जाळते, इंजिनही कोळसा जाळते. नळी लांबट गोल असते, इंजिनाचा बॉयलरही तसाच. नळीतला धूर धुराड्यात जातो, चित्रातला धूरही तिथेच जातो. आणि फायरप्लेसची काळोखी कमान बोगद्याचे तोंड होऊन बसते. मुंबई-पुणे प्रवासात खंडाळ्याच्या घाटात बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. म्हणजे दोन वस्तूंची गाठ वाटेल तशी मारलेली नाही. त्यांच्यामध्ये आधीच असलेले, पण कधी लक्षात न आलेले नाते चित्रकाराने उघडे केले आहे.

आता वाक्य लिहावे. माझे वाक्य असे : "शेगडीची नळी असायच्या जागी तिच्यासारखाच कोळसा जाळणारे इंजिन आले आहे, आणि खोलीतल्या कशालाही त्याची दखल नाही." वाक्याचा दुसरा भाग वर्णनातूनच आला : घड्याळ हललेले नाही, आरसा तडकलेला नाही, धूरसुद्धा शिस्तीत वर जातो आहे. चित्र भीतिदायक न होता गूढ का वाटते याचे कारण या दुसऱ्या भागात आहे.

तिसरी पायरी : कूट आहे की नाही ते ठरवणे

मराठी वाचकाला विचित्र प्रतिमा परक्या नाहीत. मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते हा मुक्ताबाईंचा अभंग आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. तिथे विचित्रपणाला किल्ली आहे, ती परंपरेच्या हाती आहे, आणि निरूपणकार ती लावून दाखवतो. प्रत्येक विचित्र चित्र अशाच किल्लीने उघडेल ही आपली अपेक्षा बहुधा या संस्कारातून येते. काही चित्रांच्या बाबतीत ती रास्त आहे, काहींच्या बाबतीत मुळीच नाही, आणि हा फरक न ओळखल्यामुळे अर्थाचा सर्वांत मोठा गोंधळ होतो.

किल्ली असलेल्या चित्राचे उदाहरण म्हणजे हिएरोनिमस बॉश. हा चित्रकार 1516 मध्ये वारला. त्याचे तीन फळ्यांचे 'गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स' माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. डावीकडे ईश्वर आदामला इव्हची भेट घडवतो, मधल्या फळीवर नग्न माणसे राक्षसी आकाराच्या स्ट्रॉबेऱ्या आणि पक्षी यांच्यामध्ये रमली आहेत, उजवीकडे नरक आहे. शिकार केलेल्या माणसाला टांगून नेणारा ससा याच नरकात आहे. तिथेच वीणेसारख्या वाद्याच्या तारांत माणूस अडकवलेला आहे, दोन प्रचंड कानांच्या मधून सुरीचे पाते बाहेर आले आहे, आणि डोक्यावर कढई घातलेला पक्षीमुखी प्राणी उंच खुर्चीत बसून माणसांना गिळतो व खाली खड्ड्यात टाकतो. हे सगळे स्वप्नातले वाटते, आणि विसाव्या शतकातल्या अतिवास्तववाद्यांना (स्वप्नासारख्या प्रतिमा मांडणाऱ्या कलावंतांना) बॉश म्हणूनच आपला पूर्वज वाटला. पण बॉशच्या प्रेक्षकाला सात महापापांची शिकवण तोंडपाठ होती. जुगाराचा उलटलेला पट, पत्ते आणि फासे त्याला ओळखू येत होते. ज्या वाद्यांवर मौज केली तीच छळाची साधने होतात, ज्याची शिकार केली तोच शिकारी होतो, ही शिक्षेची रीत त्याला प्रवचनांतून माहीत होती. अशा चित्रापुढे नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. त्या काळाचा धर्म, म्हणी, व्यवसाय आणि करमणुकी यांची माहिती करून घ्यावीच लागते.

मात्र किल्ली शोधताना फार सुबक किल्ली मिळाली तर सावध व्हावे. विल्हेल्म फ्रेंगर या जर्मन अभ्यासकाने 1947 मध्ये मांडले, की बॉशचे हे चित्र एका गुप्त, पाखंडी पंथासाठी काढलेले आहे आणि मधली फळी त्या पंथाच्या निष्पाप देहसुखाचे चित्रण करते. कल्पना मोहक आहे आणि तिने बरेच तपशील एका झटक्यात जागेवर बसतात. पण बॉश स्वतः आपल्या गावच्या प्रतिष्ठित धार्मिक बंधुसंघाचा सदस्य होता, 1517 मध्ये हे चित्र ब्रसेल्समध्ये नासाऊ घराण्याच्या वाड्यात पाहिले गेले होते, पुढे ते स्पेनचा कडवा कॅथलिक राजा दुसरा फिलिप याच्या संग्रहात आले, आणि बॉशचा अशा पंथाशी संबंध दाखवणारा कागद एकही नाही. बहुतेक अभ्यासकांनी ती उपपत्ती सोडून दिली. लावलेला अर्थ चित्रात बसतो का, एवढे पाहून भागत नाही. तो चित्राबाहेरच्या नोंदींशी टक्कर घेतो का, हेही तपासावे लागते.

मॅग्रीटचे चित्र दुसऱ्या जातीचे आहे. तिथे इंजिन म्हणजे अमुक आणि घड्याळ म्हणजे तमुक अशी जोडी लावणारी शिकवण चित्रकार आणि प्रेक्षक यांच्यात सामायिक नव्हती. आंद्रे ब्रेतों या फ्रेंच लेखकाने 1924 मध्ये पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला, तेव्हापासून या मंडळींचा भर बुद्धीचा पहारा चुकवून मनातल्या प्रतिमा बाहेर काढण्यावर होता, आणि त्यामागे मनोविश्लेषक फ्रॉइडच्या स्वप्नविचाराची प्रेरणा होती. यावरून अनेक जण स्वप्नफलाच्या पुस्तिकेप्रमाणे अर्थ लावू लागतात : साप दिसला की हे, दात पडला की ते. फ्रॉइडची मुख्य पद्धत अशी नव्हती. ज्याला स्वप्न पडले त्याला त्या प्रतिमेवरून काय आठवते, यावर त्याचा भर होता, आणि चित्र तर आपल्यापुढे बसून आठवणी सांगू शकत नाही. म्हणून किल्ली नसलेल्या चित्रापुढे 'हे कशाचे प्रतीक' हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि 'हे पाहताना माझ्या नजरेचे आणि समजुतीचे काय होते' हा प्रश्न घ्यावा.

चौथी पायरी : ते कसे घडवले ते पाहणे

ही पायरी लोक सहसा वगळतात. चित्र आधी ठरवून रंगवले आहे की रंगवता रंगवता सापडले आहे, यावर कोणते प्रश्न विचारायचे ते अवलंबून असते. मुले नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात आणि नाण्याचा छाप उमटवतात. माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराने 1925 मध्ये हेच लाकडी जमिनीच्या फळ्यांवर केले, आणि उमटलेल्या रेषांत त्याला जंगले, पक्षी, प्राणी दिसू लागले. जे दिसले ते त्याने पुढे स्पष्ट केले. अशा चित्रात 'इथे पक्षीच का काढला' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. 'एवढ्या रेषांतून त्याने पक्षीच का उचलला, आणि तसाच पक्षी तो पुन्हा पुन्हा का उचलतो' हा प्रश्न मात्र योग्य आहे.

मॅग्रीटचे काम याच्या उलट आहे. त्याचे रंगलेपन सपाट, नीटनेटके, जवळजवळ दुकानाच्या पाटीसारखे आहे, आणि हे हेतुपूर्वक आहे. ब्रशचे फटकारे दिसले असते तर आपण सगळा विचित्रपणा चित्रकाराच्या भावनावेगावर ढकलून मोकळे झालो असतो. इथे तशी पळवाट राहत नाही. आकाराकडेही लक्ष द्यावे. दालीचे मऊ घड्याळांचे चित्र फक्त 24 गुणिले 33 सेंटिमीटरचे आहे, म्हणजे आपल्या नेहमीच्या ए-फोर कागदाहून थोडेसेच मोठे. पोस्टरवर ते भव्य वाटते, पण प्रत्यक्षात त्याला चेहरा जवळ नेऊन पाहावे लागते, आणि नारिंगी घड्याळावरच्या मुंग्या तेव्हाच अंगावर येतात.

पाचवी पायरी : शीर्षक, चित्रकाराचे बोलणे आणि चरित्र

हे तिन्ही मी मुद्दाम शेवटी ठेवतो. ते आधी वाचले तर आपण चित्रात तेवढेच शोधत बसतो.

शीर्षक शक्यतो मूळ भाषेत तपासावे. मॅग्रीटच्या चित्राचे फ्रेंच नाव 'ला द्युरे प्वान्यार्दे' असे आहे. त्याचा अर्थ 'खंजीर खुपसलेला कालप्रवाह' असा होतो. इंग्रजी नावात काळ जागच्या जागी खिळून राहतो, खंजीर मात्र अंधुक होतो, आणि मॅग्रीटला ते नाव पसंत नव्हते. फ्रेंच नाव कळल्यावर चित्राकडे पुन्हा पाहिले, की इंजिन पात्यासारखे भिंतीतून आत घुसलेले दिसते आणि त्याच्या बरोबर वर घड्याळ आहे. चित्र एडवर्ड जेम्स या इंग्रज संग्राहकासाठी केलेले होते. ते जिन्याच्या पायथ्याशी लागावे, म्हणजे वर नृत्यदालनाकडे जाणाऱ्या पाहुण्यांना इंजिन भोसकेल, अशी मॅग्रीटची इच्छा होती. जेम्सने ते आपल्या फायरप्लेसच्या वर लावले. खंजीर हा शब्द मॅग्रीटने नुसता शोभेसाठी वापरलेला नव्हता, हे यावरून दिसते.

चित्रकाराचे स्वतःचे बोलणे हा पुरावा आहे, निकाल नाही. मऊ घड्याळांची कल्पना आपल्याला जेवणानंतर समोर वितळत चाललेल्या कामांबेर चीजवरून सुचली, असे दालीने लिहिले आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेशी या चित्राची गाठ घालणाऱ्यांना हे निराश करते. तरीही चीजवरून सुचलेले चित्र काळाच्या आपल्या अनुभवाबद्दल काहीच सांगत नाही असे ठरत नाही. फक्त 'दालीने आइन्स्टाइनचा सिद्धान्त रंगवला' हे वाक्य आपल्याला लिहिता येत नाही.

चरित्राच्या बाबतीत अधिक जपून वागावे, कारण तिथे दुसऱ्याच्या दुःखाशी आपली गाठ असते. मॅग्रीट 13 वर्षांचा असताना, 1912 मध्ये, त्याच्या आईने सांब्र नदीत जीव दिला. तिचे प्रेत बाहेर काढले तेव्हा चेहऱ्यावर झोपण्याचा झगा गुंडाळलेला होता, अशी एक कथा सांगितली जाते, आणि 1928 मधील 'प्रेमिक' या चित्रातल्या झाकलेल्या चेहऱ्यांचा खुलासा तिच्यावरून केला जातो. मॅग्रीटने असले मानसशास्त्रीय खुलासे सातत्याने नाकारले. त्याला आवडणाऱ्या फांतोमास या रहस्यकथांचा नायकही चेहरा झाकूनच वावरत असे. शिवाय मुख्य प्रश्न राहतोच : चित्रात दोन माणसे आहेत, दोघेही झाकलेले आहेत आणि ती चुंबन घेत आहेत. आईच्या मृत्यूची कथा चुंबनाबद्दल काहीही सांगत नाही. जो खुलासा चित्रातल्या मुख्य क्रियेला स्पर्शच करत नाही, तो कितीही हृदयद्रावक असला तरी अपुरा मानावा.

एका चित्रापेक्षा अनेक

एखादी प्रतिमा अडून बसली, तर त्याच चित्रकाराची आणखी पाच-सहा चित्रे शेजारी ठेवावीत. मुंगी दालीच्या अनेक कामांत येते आणि तिच्या आसपास बहुधा कुजणे, सडणे असते. एका चित्रावरून हे कळले नसते. आपल्याकडचे उत्तम उदाहरण चित्रकार प्रभाकर बरवे यांचे आहे. रायगड जिल्ह्यातल्या नागाव इथे 1936 मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले बरवे 1960 च्या दशकात विणकर सेवा केंद्राच्या कामासाठी वाराणसीत होते, आणि तिथे त्यांच्यावर तंत्रसाधनेतल्या चित्रभाषेचा प्रभाव पडला. पुढच्या काळात त्यांनी इनॅमल रंगांत, सपाट आणि मोकळ्या अवकाशात, पान, घड्याळ, ढग, फळ अशा साध्या वस्तू एकमेकींपासून दूर दूर मांडल्या. एकच चित्र पाहणाऱ्याला वाटते, की पान म्हणजे निसर्ग आणि घड्याळ म्हणजे काळ. दहा चित्रे पाहणाऱ्याच्या लक्षात येते, की वस्तू बदलतात पण त्यांच्यामधली रिकामी जागा कायम राहते, आणि पाहणाऱ्याला खरे काम त्या जागेतच करायचे आहे. आपल्या पुस्तकाला त्यांनी 'कोरा कॅनव्हास' हे नाव दिले होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

शेवटचे काम : अर्थ लिहून काढणे

आता आपला अर्थ सात-आठ वाक्यांत लिहावा आणि प्रत्येक विधानापुढे 'कारण चित्रात' असे जोडून वाक्य पूर्ण करून पाहावे. जे वाक्य पूर्ण होत नाही ते खोडावे. माझ्या कागदावर मॅग्रीटच्या चित्राबद्दल राहिले ते असे : घरातली सर्वांत ओळखीची, ऊब देणारी जागा इथे परकी झाली आहे, कारण चित्रात तिच्या नळीच्या जागी इंजिन आहे. हा हल्ला वेगाचा असूनही थांबलेला आहे, कारण चित्रात इंजिन पुढे येत असले तरी त्याच्या खाली रूळ नाहीत आणि घड्याळ, धूर, आरसा सगळे शांत आहे. या खोलीत आपल्याला जागा नाही, कारण चित्रात आरसा आपल्या बाजूचे काहीच दाखवत नाही. यांत्रिक युग घरात घुसल्याची टीका, पुरुषी आक्रमण, युरोपवर येऊ घातलेले युद्ध ही तीन वाक्ये मी लिहिली होती; तिन्हींच्या पुढे 'कारण चित्रात' जोडता आले नाही, म्हणून तिन्ही खोडली. युद्धाचे वाक्य खोडताना वाईट वाटले, कारण 1938 हे साल त्याच्या बाजूने होते, पण साल चित्राबाहेर आहे.

कागदाच्या तळाशी 'न सुटलेले' असा एक रकाना ठेवावा आणि तो भरलेला असू द्यावा. माझ्या रकान्यात सध्या एकच नोंद आहे : दुसऱ्या शमादानाचे प्रतिबिंब. कोनामुळे ते आरशात येत नसेल, असे म्हणून मी एकदा पट्टी घेऊन छापील चित्रावर रेषा आखल्या होत्या, तरी समाधान झाले नाही. नोंदीपुढे तारीख घातली आहे आणि खाली दोन ओळींची जागा सोडली आहे.